न फिरणारी किल्ली: जुन्या गाडीच्या इग्निशन लॉकचं एक प्रकरण

गाडी तीस वर्षांच्या आसपासची, चार दारांची, हाताने गिअर टाकायची. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग नाही, किल्लीत चिप नाही. तक्रार एका वाक्याची: किल्ली पूर्ण आत जाते, पण तसूभरही फिरत नाही. स्टिअरिंग लॉक झालेलं, त्यामुळे पुढची चाकं उचलल्याशिवाय गाडी कुठे नेणंही शक्य नव्हतं. जे काही करायचं ते उभ्या जागीच.

गाडी ओळखीतल्या एका काकांची. "काल रात्रीपर्यंत व्यवस्थित चालत होती हो," हे त्यांचं पहिलं वाक्य. लॉक अडकलेला प्रत्येक माणूस हेच सांगतो आणि ते कधीच पूर्ण खरं नसतं. थोडं खोदून विचारल्यावर हकिगत बाहेर आली. गेले कित्येक महिने किल्ली घातल्यावर ती केसभर मागे ओढावी लागत होती, मगच फिरायची. घरात ही युक्ती फक्त काकांना साधली होती. मुलाच्या हातून गाडी सुरूच होत नसे आणि त्याचं खापर मुलाच्या धसमुसळेपणावर फुटत असे. किल्ली केसभर मागे ओढली की चालते, ही तक्रार ऐकली की माझ्या मते निम्मं निदान झालेलं असतं. ते कसं, हे पट्ट्यांचं काम सांगताना येईलच.

मी पोहोचण्याआधी त्या लॉकवर बरेच प्रयोग झाले होते. पातळ तेलाचा फवारा वेळोवेळी मारलेला. कुणीतरी पकडीत किल्ली धरून पिळली होती. उजेडासमोर आडवी धरल्यावर तिचं पातं किंचित वळलेलं दिसत होतं. एका गॅरेजने गाडी न उघडताच पूर्ण स्टिअरिंग लॉक असेंब्ली बदलायला सांगितलं होतं. हा सल्ला चुकीचा म्हणता येणार नाही. असेंब्ली बदलली की दुखणं जातंच. पण दुखणं नेमकं कुठे आहे हे न पाहता सगळंच बदलायचं, तर दारांची किल्ली वेगळी आणि इग्निशनची वेगळी होते, आणि चांगला भाग वाईटासोबत भंगारात जातो.

लॉक एक, वस्तू तीन

बाहेरून आपल्याला किल्लीचं एकच भोक दिसतं. त्याच्यामागे तीन वेगळ्या वस्तू एकामागोमाग बसवलेल्या असतात. पहिली बॅरल, म्हणजे किल्ली जिच्यात जाते ती नळी आणि तिच्यातल्या पितळी पट्ट्या. दुसरं तिचं घर, स्टिअरिंग कॉलमवर आवळलेलं ओतीव धातूचं. याच घरात एक पोलादी खिट्टी असते. किल्ली काढली की ती स्प्रिंगच्या जोरावर स्टिअरिंगच्या दांड्यातल्या खाचेत शिरते आणि स्टिअरिंग अडतं. तिसरी वस्तू शेपटीकडचा विजेचा स्विच. बॅरल फिरली की तिची शेपटी हा स्विच फिरवते आणि वायरींमध्ये वीज जाते.

हे तिघं कायम एकत्र नव्हते. पूर्वी बहुतेक गाड्यांत इग्निशनचं लॉक डॅशबोर्डवर असायचं, स्टिअरिंगशी त्याचा संबंध नसे. जनरल मोटर्सने १९६९च्या मॉडेलांपासून ते स्टिअरिंग कॉलमवर आणून चोरीविरोधी खिट्टीला जोडलं, आणि १ जानेवारी १९७० पासून अमेरिकेत प्रवासी गाड्यांसाठी चोरी रोखण्याचा नियमच लागू झाला. साब या स्वीडिश गाडी कंपनीने मात्र आपला वेगळा सूर लावला: लॉक दोन सीटांच्या मधे, आणि किल्ली काढली की स्टिअरिंगऐवजी गिअर रिव्हर्समध्ये अडकायचा. त्या जागेमुळे लॉकमध्ये बिस्किटांचा चुरा आणि सांडलेली कॉफी जायची, ही साबवाल्यांची जुनी तक्रार. असो.

सांगायचं हे की "लॉक अडकलंय" या एका तक्रारीखाली तीन वेगळी दुखणी असू शकतात, आणि त्यांची औषधं एकमेकांना चालत नाहीत. खिट्टी ताणाखाली असेल तर तेल ओतून काही होत नाही. पट्ट्या अडल्या असतील तर स्टिअरिंग कितीही हिसडलं तरी फायदा नाही. किल्ली फिरते पण सेल्फ (इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटर) लागत नाही, तर बॅरलकडे पाहायचंही कारण नाही.

आधी फुकटच्या तपासण्या

सुरुवात खिट्टीपासून केली, कारण तिला हत्यार लागत नाही. गाडी उभी करताना चाक कशाला टेकलेलं असेल किंवा उतरताना स्टिअरिंगला धरून कुणी जोर दिला असेल, तर दांड्यातली खाच खिट्टीला एका बाजूने दाबून धरते. मग किल्लीने ती मागे ओढली जात नाही. अशा वेळी स्टिअरिंग दोन्हीकडे हलवून पाहायचं. एका बाजूला ते कठीण अडतं, दुसरीकडे थोडी ढिलाई मिळते. त्या ढिल्या बाजूला हलका दाब ठेवून त्याच क्षणी किल्ली फिरवायची. रस्त्यावर अडकलेल्या बऱ्याच गाड्या एवढ्यावर सुटतात.

इथे स्टिअरिंग दोन्हीकडे थोडं मोकळं हलत होतं, म्हणजे खिट्टीवर ताण नव्हता. शिवाय हाताला लागणारी जाणीवही वेगळी होती. खिट्टी अडलेली असते तेव्हा किल्ली थोडी फिरते आणि स्प्रिंगसारखी परत येते. इथे किल्ली भिंतीत चिणल्यासारखी गच्च होती. असा गच्चपणा बहुधा पट्ट्यांचा.

ऑटोमॅटिक गाडी असती तर गिअर पूर्ण पार्कमध्ये आहे का, हे इथेच पाहिलं असतं. अशा अनेक गाड्यांत पार्कशिवाय किल्ली लॉकपर्यंत परत येत नाही आणि बाहेरही निघत नाही, आणि ज्यांत हा अडसर विजेवर चालतो तिथे बॅटरी मेल्यावरही किल्ली अडकून बसते. आपल्या गाडीत यातलं काही नव्हतं.

मग किल्ली उलटी घालून पाहिली. दोन्ही कडांना सारखे दाते असलेली किल्ली उलटी केली की ज्या पट्ट्या वरच्या कडेवर बसत होत्या त्या आता खालच्या कडेवर बसतात. दोन्ही कडा सारख्या झिजलेल्या क्वचितच असतात. उलट्या किल्लीने बॅरल फिरली नाही, पण अगदी थोडी, जाणवेल न जाणवेल इतकी हलली. माझ्यासाठी एवढं पुरेसं होतं. खिट्टी आणि स्विच यादीतून बाद; दोष किल्ली आणि पट्ट्या यांच्यातला.

"दुसरी किल्ली आहे का?" हा प्रश्न खरं तर सगळ्यात आधी विचारावा असा. होती. काकांनी ती कपाटातून आणली, चकचकीत, जवळजवळ न वापरलेली. तीही फिरली नाही. पण ती कुठून आली? मूळ किल्ली खूप वर्षांपूर्वी हरवली होती. तिची डुप्लिकेट होती ती रोजची झाली, आणि ती झिजल्यावर तिच्यावरून ही चकचकीत किल्ली कापून घेतलेली. म्हणजे नकलेची नक्कल. डुप्लिकेट कापणारं मशीन समोरच्या किल्लीचा आकार मुकाट्याने उतरवतं. झीज आणि मूळ दाता यांतला फरक त्याला कळत नाही. तीस वर्षं घासलेली किल्ली दिली तर ते तीस वर्षांची झीज नव्या धातूवर छापून देतं. नवीन किल्ली करूनही लॉक चालत नाही म्हणून लॉकला दोष देणारे बहुतेक लोक इथेच फसतात.

पट्ट्यांचं काम

जुन्या गाड्यांत बहुधा कडीकुलपासारख्या पिना नसतात, चपट्या पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टीच्या मधोमध चौकोनी खिडकी असते आणि किल्ली या सगळ्या खिडक्यांतून आरपार जाते. प्रत्येक पट्टीला एक बारीक स्प्रिंग एका बाजूला ढकलत असते; किल्ली नसताना पट्टीची कड बॅरलबाहेर डोकावते आणि घराच्या खोबणीत अडते. योग्य किल्ली घातली की दाते प्रत्येक पट्टीला नेमकी तेवढीच उचलतात जेवढ्याने तिची दोन्ही टोकं बॅरलच्या पृष्ठभागाशी सपाट होतात. एकही पट्टी बाहेर राहिली तर बॅरल फिरत नाही.

या उंचींच्या ठरावीक पायऱ्या असतात. दोन पायऱ्यांमधला फरक साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे पाव मिलिमीटर झीज झाली की किल्लीचा दाता दोन पायऱ्यांच्या मधे लोंबकळतो आणि पट्टी पूर्ण उचलली जात नाही. किल्ली केसभर मागे ओढल्यावर काय होतं ते आता कळेल: पट्टी दात्याच्या तळावरून सरकून शेजारच्या चढावर येते, तेवढी वर उचलली जाते, आणि झीज तात्पुरती भरून निघते. काका महिनोन्महिने हीच दुरुस्ती हाताने करत होते. झीज वाढत गेली आणि एक दिवस चढही पुरेना.

झीज सगळीकडे सारखी होत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. किल्लीचं टोक आत जाताना प्रत्येक पट्टीला घासत जातं. मुठीजवळचे दाते फक्त तोंडाजवळच्या पट्टीला भेटतात. त्यामुळे किल्ली टोकाकडे सर्वात जास्त झिजते. लॉकमध्ये याच्या उलट: तोंडाजवळच्या पट्टीखालून अख्खी किल्ली दरवेळी ये-जा करते, म्हणून तीच पट्टी सर्वात आधी गुळगुळीत होते. त्यात किल्लीच्या जुडग्याला घराच्या, कपाटाच्या, दुकानाच्या किल्ल्या लटकत असतील तर खड्ड्याखड्ड्याला ते ओझं बॅरलला झोके देत राहतं. काकांचं जुडगं मुठीत मावत नव्हतं. जड जुडग्याचा धोका झिजेपुरता नाही. जनरल मोटर्सने २०१४ मध्ये लाखो गाड्या परत बोलावल्या, त्या गाड्यांच्या इग्निशन स्विचमधला, किल्लीला जागी धरून ठेवणारा अडकाव कमकुवत होता. चालत्या गाडीत किल्ली स्वतःहून मागे सरकून इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅगही निकामी व्हायच्या. कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. दुरुस्ती होईपर्यंत किल्लीच्या कडीत दुसरं काहीही ठेवू नका, फक्त किल्ली वापरा, अशी तेव्हा मालकांना सूचना होती.

मूळ उंची शोधणं

आता प्रश्न असा की मूळ किल्लीच जगात नाही, तर तिचे दाते कळणार कसे? व्हर्निअरने, म्हणजे बारीक मापं घेणाऱ्या हत्याराने, रोजच्या किल्लीचा प्रत्येक दाता मोजला. बहुतेक मापं दोन पायऱ्यांच्या मधे पडली, आणि यात गोंधळून जायचं कारण नाही: झीज एकाच दिशेने होते. धातू कमीच होतो, वाढत नाही. म्हणून माप दोन पायऱ्यांच्या मधे आलं तर वरची, म्हणजे उथळ पायरी धरायची. चार पायऱ्या असोत की पाच, हा नियम बदलत नाही.

पण दोनदा नक्कल झालेल्या किल्लीच्या टोकाकडे हा हिशोब डगमगतो. तिथे झीज जवळजवळ एका पूर्ण पायरीएवढी असेल, तर माप खालच्या पायरीवर बरोबर बसतं आणि खरं वाटतं. म्हणून दुसरा पुरावा हवा होता.

तो पुरावा बहुतेक जुन्या गाड्यांत असतो आणि सहसा कुणी तिकडे बघत नाही: ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटकडच्या दाराचं लॉक. इग्निशन, दोन दारं आणि डिकी एकाच किल्लीवर चालणारी गाडी असेल, तर शेजारच्या दारात किल्ली वर्षानुवर्षं जात नाही. बहुतेक लोक ते दार आतून हात घालून उघडतात. म्हणजे तिथल्या पट्ट्या कारखान्यातून निघाल्या तशाच. शिवाय अनेक गाड्यांत त्या लॉकच्या अंगावर किल्लीचा क्रमांक ठोकलेला असतो.

दाराचं आतलं पॅनल काढलं, लॉक धरून ठेवणारी यू आकाराची क्लिप सरकवली, लॉक बाहेर आलं. वरचा मळ पुसल्यावर क्रमांक स्पष्ट दिसला. पट्ट्यांवरही पायरीचे आकडे कोरलेले होते, ते वाचून ताडून पाहिले, जुळले. या गाडीत दारातल्या पट्ट्या इग्निशनपेक्षा दोन कमी होत्या, म्हणजे नुसत्या पट्ट्यांवर विसंबलो असतो तर दोन जागा अंदाजाने भराव्या लागल्या असत्या. क्रमांकाने त्या भरून काढल्या. टोकाकडच्या त्या संशयास्पद दात्याबद्दल क्रमांक आणि माप यांत खरोखरच एका पायरीचा फरक निघाला.

क्रमांक म्हणजे कागदावरची किल्लीच. तो कुणाला फोटो काढून पाठवू नये आणि गाडीतही ठेवू नये. किल्ली कापणाऱ्याकडे त्या क्रमांकावरून, म्हणजे कुठल्याही जुन्या किल्लीची नक्कल न करता, नवी किल्ली कापून घेतली. जुनी आणि नवी शेजारी धरल्यावर काका बराच वेळ दोन्हींकडे आळीपाळीने बघत राहिले. जुनीचे दाते गोलाईदार टेकड्या झाले होते. नवीचे कोपरे बोटाला टोचत होते.

पहिल्यांदा फिरवणं

नवी किल्ली घातली. फिरली नाही. ही अपेक्षा होतीच, कारण आत इतक्या वर्षांचं तेल, धूळ आणि पितळेचा कीस मिळून चिकट लगदा झालेला असणार. पातळ तेलाचा फवारा लॉकमध्ये मारला की पहिल्या दिवशी खूप बरं वाटतं. त्यातला पातळ भाग उडून जातो आणि मागे उरलेला थर धूळ धरून ठेवतो. पुन्हा फवारा, पुन्हा थर. त्यात कुणी ग्राफाइटची पूड टाकलेली असेल तर काळा मलमच तयार होतो. कोरडं वंगण कोरड्या लॉकसाठी. तेलावर त्याची पूड टाकणं म्हणजे घाण वाढवणं.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. ज्या गाडीत एअरबॅग आहे तिथे वायर काढून निर्मात्याने सांगितलेला वेळ थांबल्याशिवाय कॉलमला हात लावू नये. एअरबॅगच्या यंत्रणेत बॅटरी सुटल्यावरही काही काळ चार्ज राहतो. मग किल्लीच्या भोकात लवकर उडून जाणारं क्लीनर मारलं, खाली फडकं धरलं, किल्ली आतबाहेर केली, पुसली, पुन्हा तेच. फडक्यावर काळं पाणी उतरत राहिलं. ते बऱ्यापैकी स्वच्छ येऊ लागल्यावर किल्ली आत ठेवून, वळवण्याच्या दिशेने अगदी हलका दाब दिला आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने बॅरलच्या तोंडावर टिचक्या मारल्या. दाब जास्त दिला तर पट्ट्या खोबणीच्या कडेवर चेपल्या जातात आणि सुटायच्या ऐवजी अडतात. जोर लावणाऱ्याला हे उलटं वाटतं, पण पट्टीला सरकायला मोकळीक हवी असते. टिचक्यांच्या कंपनाने चिकटलेली पट्टी सुटते, बस.

बॅरल फिरली आणि पहिल्या टप्प्यावर, म्हणजे अॅक्सेसरीवर (इंजिन बंद असताना रेडिओसारख्या वस्तूंना वीज मिळते ती जागा) थांबली. काका आनंदाने म्हणाले, "आता बंद करून परत एकदा बघा ना!" त्यांचा हात धरून थांबवावं लागलं. अडलेलं लॉक एकदा फिरलं की ते परत लॉकवर न्यायचं नाही, किल्ली बाहेर काढायची नाही. कारण साधं आहे. बॅरल बाहेर काढायची तर तिला धरणारी पिन दाबावी लागते, आणि अशा अनेक गाड्यांत ती पिन घराच्या बारीक भोकासमोर येते ती फक्त अॅक्सेसरीच्या जागी. लॉकच्या जागी ती आत लपलेली असते. जी बॅरल फिरत नाही ती सरळ निघत नाही, आणि जी निघत नाही ती दुरुस्त होत नाही. ड्रिलची पाळी येते ती या फेऱ्यामुळे. ड्रिल केलं की बॅरल संपली, आणि धातूचा कीस मागच्या विजेच्या स्विचमध्ये पडला तर नवं दुखणं.

खालून स्क्रू काढून कॉलमचं प्लास्टिक कव्हर दोन भागांत वेगळं केलं. बारीक भोकातून पातळ सळईने पिन दाबली, किल्लीला धरून बॅरल बाहेर ओढली. किल्ली आत असतानाच ओढायची. ती काढली तर पट्ट्या आणि स्प्रिंगा सीटखाली पांगतात आणि मग शोधत बसायचं.

पूर्ण असेंब्ली बदलायची असती तर काम इथून पुढे वेगळं झालं असतं. घर कॉलमला धरून ठेवणारे बोल्ट मुद्दाम असे असतात की आवळताना त्यांचं डोकं तुटून पडतं आणि मागे गुळगुळीत गोल बुंधा राहतो. चोराला पाना लावता येऊ नये म्हणून. ते काढायचे तर पंच आणि हातोडीने कडेला ठोकून फिरवायचे किंवा भोक पाडून एक्सट्रॅक्टर (तुटका बोल्ट पकडून बाहेर काढणारं हत्यार) लावायचा. कष्टाचं काम आहे, आणि या गाडीत त्याची गरज नव्हती, कारण घरातली खिट्टी नीट आतबाहेर होत होती.

बॅरल बाहेर आहे तोवर स्विच एकटा तपासून घेतला. बॅटरी जोडली, गिअर न्यूट्रल असल्याची खात्री केली आणि चपट्या हत्याराने स्विच फिरवला. प्रत्येक टप्पा हाताला स्पष्ट लागला, सेल्फ लागला आणि सोडल्यावर स्विच स्वतःहून मागे आला. म्हणजे त्याची परतीची स्प्रिंग शाबूत. वायर पुन्हा काढली. या तपासणीचा पुढे उपयोग झाला.

आत काय निघालं

पांढऱ्या कापडावर बॅरल उघडली. पट्ट्या निघतील त्या क्रमाने चिकटपट्टीवर लावत गेलो, प्रत्येकीच्या शेजारी जागेचा आकडा. तोंडाजवळच्या दोन पट्ट्यांच्या खिडक्यांच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या. मधल्या एका पट्टीची स्प्रिंग तुटलेली, आणि तिचा तुकडा शेजारच्या पट्टीच्या फटीत आडवा रुतलेला. तो तुकडाच आदल्या रात्रीचा गुन्हेगार असावा: झिजलेल्या किल्लीने कसंबसं चालणारं लॉक त्याने पूर्ण गच्च केलं. बाकीच्या पट्ट्यांवर काळा थर होता, पण मापाने त्या ठीक होत्या.

इथे तीन रस्ते होते. सर्वात झटपट म्हणजे जी पट्टी बाहेर डोकावते तिची कड कानसेने घासून टाकायची. जुनीच किल्ली चालू लागते, लोक खूश होतात. मला हा उपाय पटत नाही. घासलेली पट्टी आता कुठल्याही जवळपासच्या दात्यावर सपाट दिसते. म्हणजे ती असून नसल्यासारखी. दुसरा रस्ता, खराब पट्ट्या काढूनच टाकायच्या. त्याचा हिशोब तरी प्रामाणिक आहे. चार पायऱ्या आणि आठ पट्ट्या असतील तर कागदावर ६५,५३६ वेगवेगळ्या किल्ल्या होतात. एक पट्टी काढली की १६,३८४ उरतात, दोन काढल्या की ४,०९६. प्रत्यक्षात कारखाने यातले बरेच जोड वापरत नाहीत, त्यामुळे खरा आकडा आणखी लहान. आडरस्त्यावर अडकलेल्या गाडीला घरी आणण्यापुरती एखादी पट्टी काढणं मी समजू शकतो.

तिसरा रस्ता घेतला: त्याच घराण्याच्या लॉकच्या सुट्या पट्ट्या आणि स्प्रिंगा मिळतात, त्यातून दोन झिजलेल्या पट्ट्या त्याच आकड्याच्या नव्या पट्ट्यांनी बदलल्या, आणि स्प्रिंगा सगळ्याच नव्या घातल्या. एक तुटली म्हणजे बाकीच्याही त्याच वयाच्या. बॅरल आणि घराची आतली बाजू क्लीनरने धुऊन पूर्ण कोरडी केली. नवी किल्ली घालून बॅरल बोटाने चाचपली: एकही पट्टी वर नाही, एकही खाली नाही. जुनी किल्ली घातली तर टोकाकडच्या तीन पट्ट्या नखाला लागत होत्या. वंगण म्हणून टेफ्लॉनचा कोरडा फवारा, थोडाच. तेल अजिबात नाही.

बसवल्यानंतरचं लचांड

बसवताना एकच काळजी घ्यायची: बॅरलच्या शेपटीची दिशा आणि स्विचची जागा जुळली पाहिजे, दोन्ही अॅक्सेसरीवर. बॅरल दाबली, पिन खट्कन बाहेर आली. किल्ली लोण्यासारखी फिरली. कव्हर बसवलं, बॅटरी जोडली, सेल्फ मारला, इंजिन सुरू झालं. पण किल्ली सोडल्यावर ती सेल्फच्या जागेवरून मागे यायला रेंगाळत होती. कधी येई, कधी बोटाने आणावी लागे.

याकडे दुर्लक्ष करणं महागात पडतं. किल्ली सेल्फवर अडून राहिली तर चालू इंजिनसोबत स्टार्टर फिरत राहतो, तापतो आणि बघता बघता मोटर जळू शकते. पण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. स्विच एकटा असताना स्वतःहून परत येत होता, हे आधीच पाहिलेलं. बॅरल कव्हर नसताना मोकळी फिरत होती. त्या दोन्हींनंतर जोडलेली वस्तू एकच, प्लास्टिकचं कव्हर. त्याच्या गोल भोकाची कड वर्षांनुवर्षांच्या उन्हाने वाकडी झाली होती आणि बॅरलच्या तोंडाला एका बाजूने टेकत होती. खालचे स्क्रू ढिले केले, कव्हर थोडं सरकवून भोक मधोमध आणलं, पुन्हा आवळलं. किल्ली सोडताक्षणी मागे.

शेवटची तपासणी खिट्टीची. एकदा फिरवल्यावर किल्ली आत असेपर्यंत, कुठल्याही टप्प्यावर, स्टिअरिंग मोकळं राहिलं पाहिजे; किल्ली काढून स्टिअरिंग वळवल्यावरच ते अडलं पाहिजे. दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून हे पाहिलं. तसंच किल्ली चालूच्या जागी असताना ती बाहेर ओढता येते का, तेही. झिजलेल्या लॉकमध्ये ती येते, आणि चालत्या गाडीत किल्ली खाली पडू शकते. आता येत नव्हती.

क्रमांकावरून दोन किल्ल्या कापून घेतल्या. एक रोजची, दुसरी फक्त पुढच्या नकला काढण्यासाठी. ती लॉकमध्ये घालायची नाही. जुन्या दोन्ही किल्ल्या काकांना मोडीत द्यायला सांगितल्या, नाहीतर पाच वर्षांनी कुणीतरी त्यांच्यावरूनच नक्कल काढून आणतो. ड्रायव्हरच्या दाराचं लॉक नव्या किल्लीने थोडं कडक चालतं, कारण तिथल्या पट्ट्या झिजलेल्याच आहेत. तेही उघडून द्यावं का, असं विचारलं. काका म्हणाले, "राहू द्या, दार अजून उघडतंय ना." इग्निशनची किल्ली मात्र त्यांनी जुडग्यातून सोडवून वेगळ्या कडीत घातली, आणि गाडीची चावी मुलाच्या हातात दिली.